१० ते १५ वयाच्या मुलांसाठी नवी मराठी कादंबरी: कुठे शोधायची, कशी सुचवायची आणि गावातल्या मुलापर्यंत कशी पोचवायची?

"मुलगी सातवीत गेली. वाचायची आवड आहे. काय देऊ वाचायला?"

सुट्टी लागली की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतोच. पाच मिनिटांत उत्तरंही येतात. 'श्यामची आई' द्या, 'गोट्या' द्या, 'फास्टर फेणे' द्या. कुणीतरी 'हॅरी पॉटर'चं नाव टाकतं, कुणीतरी अंगठ्याची इमोजी टाकतं आणि चर्चा संपते.

यातलं एकही नाव चुकीचं नाही. पण ही सगळी नावं उत्तर देणाऱ्यांच्या स्वतःच्या लहानपणातली आहेत. गेल्या दहा वर्षांत मराठीत मुलांसाठी ज्या कादंबऱ्या आल्या, त्यातलं एकही नाव या यादीत नसतं. मग प्रश्न पडतो की मराठीत मुलांसाठी नवं कुणी लिहीतच नाही का?

लिहितात. त्यांना पुरस्कारही मिळतात. फक्त ती पुस्तकं मुलांपर्यंत पोचत नाहीत. ती शोधायची कशी, कुठलं पुस्तक कुणाला सुचवायचं आणि सुचवलेलं पुस्तक प्रत्यक्ष मुलाच्या हातात कसं द्यायचं, ते समजून घेऊ.

नारायणगडच्या मुलाला पुस्तक कोण सुचवतं?

बीड जिल्ह्यातला श्रीक्षेत्र नारायणगड मराठवाड्यात 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखला जातो. नगद नारायण महाराजांचं हे संस्थान. एकादशीला इथे मोठी गर्दी होते. वारकरी परंपरेच्या अशा ठिकाणी पुस्तक ही काही परकी वस्तू नाही. हरिपाठ, गाथा, ज्ञानेश्वरी घरोघरी असते आणि ती वाचलीही जाते.

पण याच भागातल्या एखाद्या सातवीतल्या मुलाला आपल्या वयाची कादंबरी हवी असेल तर? गडाच्या आसपास आहेत तशा वाड्या-वस्त्यांवर पुस्तकांचं दुकान नसतं. तालुक्याच्या गावी दुकान असतं, पण तिथे गाईडं, वह्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. इन्स्टाग्रामवर पुस्तकांच्या रील्स दिसतात, पण त्यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी.

बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. इथून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, परत येतात. काही मुलं आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर, कोपीत राहतात. काही आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष या मुलांच्या आयुष्यात वेगळंच असतं.

१० ते १५ हे वयही नाजूक असतं. चौथीपर्यंत चित्रांची पुस्तकं, छोट्या गोष्टी असतात. नववी-दहावीत अभ्यासाचा रेटा सुरू होतो. मधल्या चार-पाच वर्षांत मुलाला शंभर पानांचं पुस्तक आपणहून संपवायची सवय लागली तर ती टिकते. या काळात हाती काहीच पडलं नाही, किंवा पडलं ते कंटाळवाणं निघालं, तर 'वाचन म्हणजे अभ्यास' हे डोक्यात पक्कं बसतं. ज्या घरात दुसरं पुस्तक नाही, तिथे पहिलं पुस्तकच चुकलं तर दुसरी संधी लवकर येत नाही. म्हणून पुस्तक सुचवणं इथे जास्त जबाबदारीचं काम आहे.

बाल, कुमार, किशोर: कुठलं पुस्तक कुणाचं?

इंग्रजीत ९ ते १२ वयाच्या मुलांना 'प्रीटीन' आणि १३ ते १९ वयाच्या मुलांना 'टीन' म्हणतात. किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांना तिकडे 'यंग ॲडल्ट' असं वेगळं नाव आणि दुकानात वेगळं कपाट आहे. या प्रकाराची सुरुवात अनेक जण १९६७ साली आलेल्या 'द आउटसायडर्स' या अमेरिकन कादंबरीपासून मानतात. लेखिका एस. ई. हिंटन तेव्हा स्वतः अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि कादंबरी तिने शाळेत असतानाच लिहायला घेतली होती. शहाणपण शिकवणाऱ्या मोठ्या माणसाऐवजी त्याच वयाच्या मुलीने आपल्याभोवतीच्या मुलांची गोष्ट सांगितली, म्हणून ती मुलांना आपली वाटली.

मराठीत 'बालसाहित्य' आणि 'कुमारसाहित्य' असे शब्द आहेत, पण दुकानात आणि ग्रंथालयात बहुतेक वेळा दोन्ही एकाच कप्प्यात असतात. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाला ससा-कासवाच्या शेजारी आपलं पुस्तक शोधावं लागतं. तो ते शोधत नाही. 'हे लहान मुलांचं आहे' म्हणून निघून जातो.

ढोबळ विभागणी अशी करता येते:

• ९ ते ११: ठळक टाइप, छोटी प्रकरणं, मधूनमधून चित्रं, ५० ते १०० पानं. साहस, प्राणी, गंमत.

• ११ ते १३: १०० ते १५० पानं, एक सलग गोष्ट. रहस्य, मैत्री, शाळा, घरातले ताण.

• १३ ते १५ आणि पुढे: मोठ्यांसाठी लिहिलेली पण किशोरवयाबद्दलची पुस्तकंही चालतात. प्रेम, अन्याय, राजकारण, 'मी कोण?' हे प्रश्न.

ही विभागणी वयाची आहे, वाचनाच्या क्षमतेची नाही. सातवीतल्या मुलाला सलग वाचताना अडखळायला होत असेल तर त्याला १५० पानांची कादंबरी देऊन उपयोग नाही. पण दुसरीतल्या मुलाची गोष्टही देऊ नये, त्याला अपमान वाटतो. त्याला विषय त्याच्या वयाचा आणि भाषा सोपी असं पुस्तक लागतं.

तीच ती नावं पुन्हा का येतात?

'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' स्वातंत्र्याच्या आगेमागचा. भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर बसून तब्बल २० पुस्तकांत फिरला. २०१७ साली त्याच्यावर सिनेमाही आला.

ही पुस्तकं टिकली कारण ती चांगली आहेत. पण ती सारखी सुचवली जातात यामागे आणखी एक कारण आहे. मोठी माणसं पुस्तक सुचवताना स्वतःच्या आठवणीतून सुचवतात. आठवणीत नवी भर पडत नाही, कारण मोठी माणसं मुलांची पुस्तकं वाचायचं थांबवतात. याचा फटका नव्या लेखकांना बसतो. पुस्तक विकलं जात नाही, पुढची आवृत्ती निघत नाही आणि प्रकाशक पुढची कुमार कादंबरी काढताना दहादा विचार करतो.

मग नवी कादंबरी सापडते कुठे?

१. साहित्य अकादमीची यादी. अकादमी २०१० पासून दरवर्षी २४ भाषांसाठी बाल साहित्य पुरस्कार देते. ९ ते १६ वयाच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना हा पुरस्कार असतो. रक्कम ५० हजार रुपये आणि ताम्रपट. म्हणजे दर वर्षी मराठीतलं एक नाव आयतं मिळतं.

एक काळजी घ्यायची. हा पुरस्कार दर वेळी कादंबरीला मिळत नाही. कधी कवितासंग्रहाला मिळतो, कधी कथांना, कधी लेखकाच्या एकूण योगदानाला. २०१७ ते २०२५ या नऊ वर्षांत मराठीत पाच वेळा तो कादंबरीला मिळाला. त्या पाच कादंबऱ्या अशा:

• २०१७: 'खारीचा वाटा', ल. म. कडू

• २०१९: 'जंगल खजिन्याचा शोध', सलीम सरदार मुल्ला

• २०२१: 'जोकर बनला किंगमेकर', संजय वाघ

• २०२२: 'पियूची वही', संगीता बर्वे

• २०२४: 'समशेर आणि भूतबंगला', भारत सासणे

२०१८ चा पुरस्कार रत्नाकर मतकरींना एकूण योगदानासाठी होता. २०२० चा 'आबाची गोष्ट' या आबा महाजनांच्या कथांना. २०२३ चा एकनाथ आव्हाडांच्या 'छंद देई आनंद' या आणि २०२५ चा नांदेडच्या सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला.

२. राज्य सरकारचे वाङ्मय पुरस्कार. दरवर्षी जाहीर होणाऱ्या स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचा वेगळा विभाग आहे आणि त्यात कादंबरीसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. बातम्यांत ही यादी लांबलचक असते, मुलांचा विभाग शेवटी कुठेतरी येतो. तो शोधून वाचायचा.

३. मुलांची मासिकं आणि दिवाळी अंक. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक, 'वयम्' हे मासिक, अशा ठिकाणी आजचे लेखक भेटतात. मुलाला अंकातली एखादी गोष्ट आवडली की तिच्या लेखकाचं नाव टिपून ठेवायचं आणि त्याचं पुस्तक शोधायचं. नवा लेखक सापडण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

४. ग्रंथालयाची शासनमान्य यादी. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी राज्याचं ग्रंथालय संचालनालय ग्रंथांची यादी काढतं. गावातल्या ग्रंथपालाकडे ती असते. त्यातला मुलांच्या पुस्तकांचा भाग बघायला मागा.

५. फोन. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिले आहेत. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं, तिथे मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि डाउनलोड करून नेट नसतानाही वाचता येतात. या कादंबऱ्या नव्हेत, छोट्या सचित्र गोष्टी आहेत. पण जो मुलगा अजून शंभर पानांना घाबरतो, त्याच्यासाठी ही मधली पायरी आहे.

या पाचांतून कुणाला काय द्यायचं?

पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक प्रत्येकाला आवडेलच असं नाही. यादी फक्त कुठे बघायचं ते सांगते. कुणाला काय द्यायचं, ते मुलाकडे बघून ठरवावं लागतं.

'खारीचा वाटा'मध्ये धरणापायी गाव सोडावं लागणाऱ्या मुलाचं जग आहे. घर, रान, ओळखीची झाडं सोडून जाणं म्हणजे काय, हे दर वर्षी सहा महिने गाव सोडणाऱ्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. नारायणगडच्या परिसरातल्या मुलाला हे पुस्तक शहरातल्या मुलापेक्षा जास्त जवळचं वाटू शकतं.

'जंगल खजिन्याचा शोध'चे लेखक वन खात्यात काम करतात. ज्या मुलाला पक्षी, साप, झाडं यांची नावं पाठ असतात पण पुस्तक नको असतं, त्याला हे दाखवून बघावं.

'पियूची वही' ही एका मुलीने लिहिलेल्या रोजनिशीच्या रूपात आहे. रोजनिशीचा फायदा असा की मजकुराचे तुकडे छोटे असतात, कुठेही थांबता येतं. पहिल्यांदाच लांब पुस्तक वाचणाऱ्यांसाठी हा प्रकार बरा. शिवाय ते वाचून मुली स्वतःची वही लिहायला घेण्याची शक्यता असते.

'समशेर आणि भूतबंगला' नावातच काय ते सांगते. भारत सासणे हे मोठ्यांचे नामवंत कथाकार. २०२२ साली उदगीरला झालेल्या ९५ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्यांना भुताखेताच्या गोष्टी रात्री अंगणात ऐकायला आवडतात, त्यांना 'अभ्यासाचं नाही' एवढं सांगून हे द्यावं.

अनुवाद चालतो का?

नक्कीच. मराठी मुलं पिढ्यानपिढ्या अनुवाद वाचत आली आहेत. भा. रा. भागवतांनीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं 'तोत्तोचान' हे तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणींचं जपानी पुस्तक, चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादात उपलब्ध आहे. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा हे त्यातलं जग. ही कादंबरी नाही, पण गोष्टीसारखी वाचली जाते आणि ट्रस्टची पुस्तकं तुलनेने स्वस्त असतात. 'हॅरी पॉटर' मंजुल प्रकाशनाने मराठीत आणलं आहे. ज्याने सिनेमा पाहिलाय त्याला जाड पुस्तकाची भीती कमी वाटते, कारण गोष्ट माहीत असते.

चौदा-पंधराच्या मुलांसाठी मोठ्यांच्या कपाटातून

या वयासाठी खास लिहिलेल्या मराठी कादंबऱ्या कमी आहेत. म्हणून मोठ्यांच्या पुस्तकांतून निवड करावी लागते. ही पुस्तकं नवी नाहीत, पण 'मुलांची पुस्तकं' या यादीत नसल्याने मुलांना ती माहीत नसतात:

• 'शाळा' (२००४), मिलिंद बोकील. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, पहिलं प्रेम. मुलांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी आहे, त्यामुळे आधी पालकांनी किंवा शिक्षकांनी वाचलेलं बरं.

• 'बनगरवाडी' (१९५५), व्यंकटेश माडगूळकर. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर गेलेला तरुण मास्तर. दुष्काळ काय असतो ते माहीत असलेल्या मुलांना यातलं फारसं काही परकं वाटणार नाही.

• 'वनवास', प्रकाश नारायण संत. लंपनच्या कथा. एकेक कथा सुटी वाचता येते. बेळगावकडची कानडी मिसळलेली बोली सुरुवातीला अडते, मग आवडते.

• 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला', जयंत नारळीकर. विज्ञान आवडणाऱ्यांसाठी.

सुचवायचं कसं? सहा साध्या गोष्टी

"तुला वाचायला आवडतं का?" हे विचारू नका. उत्तर 'हो' येईल, कारण 'नाही' म्हटलं तर बोलणी बसतात. त्याऐवजी विचारा: मागे कुठला पिक्चर पुन्हा बघावासा वाटला? भीतीची गोष्ट आवडते की हसायची? तुझ्या वर्गात सगळ्यात भारी गोष्ट कोण सांगतं? या उत्तरांतून पुस्तक ठरतं.

आधी स्वतः वाचा. सगळं नाही जमलं तर पहिली २० पानं, मधली पाच आणि शेवट. न वाचलेलं पुस्तक सुचवणं म्हणजे न चाखलेली भाजी वाढणं. वाचताना बघा की गरीब माणूस, मुलगी, सावळा मुलगा, वेगळ्या जातीधर्माचा मुलगा त्या गोष्टीत कसा येतो. तो फक्त दया करण्यापुरता किंवा हसण्यापुरता असेल तर वाचणाऱ्या मुलाला ते बरोबर कळतं.

पाच बोटांचा नियम. मुलाला मधलं कुठलंही एक पान वाचायला सांगा. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायचं. पाचही बोटं मोडली तर ते पुस्तक सध्या जड आहे, थोड्या महिन्यांनी द्या. एक-दोन बोटं मोडली तर हरकत नाही, नवे शब्द त्यातूनच कळतात.

एक नको, तीन द्या. वेगवेगळ्या जातकुळीची तीन पुस्तकं समोर ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा. स्वतः निवडलेलं पुस्तक संपवायची शक्यता जास्त.

सोडून द्यायची मुभा द्या. फ्रेंच लेखक आणि शिक्षक डॅनियल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. न वाचण्याचा, पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यात आहे. २० पानं वाचून कंटाळा आला तर पुस्तक परत, त्यावर भाषण नाही.

तात्पर्य विचारू नका. "यातून काय शिकलास?" या एका प्रश्नाने गोष्टीचा धडा होतो. "पुढे काय होईल असं वाटलं होतं?" हा प्रश्न चालतो.

पुस्तक हातात कसं पोचणार?

खरी अडचण इथेच आहे. नाव कळलं, पण पुस्तक कुठे आहे? यासाठी काही गोष्टी हक्काने मागता येतात.

शाळेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असली पाहिजेत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी, शाळेच्या प्रकारानुसार, वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. यंदा कुठली पुस्तकं घेतली, त्यात पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी काय आहे, हे बैठकीत विचारता येतं. नावांची यादी तयार असेल तर मुख्याध्यापकांचंही काम सोपं होतं.

सार्वजनिक ग्रंथालयात. १९६७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं चालतात. त्यांची संख्या काही हजारांत आहे. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. मागणी नोंदवली नाही तर ग्रंथपालाला कळणार कसं? लेखक, पुस्तक, प्रकाशक असं कागदावर लिहून दिलेलं बरं.

ऊसतोडीच्या हंगामात. मुलगा टोळीबरोबर निघाला की शाळेचं पुस्तक सहसा जमा करून घेतात. इथे उलटं करता येईल. निघताना दोन पातळ कादंबऱ्या त्याच्या पिशवीत द्यायच्या, पट्टा पडल्यावर परत घ्यायच्या. एखादं हरवेल. साधारण शंभर-दीडशे रुपयांचं पुस्तक हरवण्यापेक्षा सहा महिने एकही पुस्तक न दिसणं जास्त महाग आहे. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहात संध्याकाळी मोकळा वेळ असतो, तिथे वीस पुस्तकांची एक पेटीही पुरते.

एकच प्रत असेल तर. याचं उत्तर नारायणगडच्या परिसराला वेगळं शिकवायला नको. सप्ताहात पारायण कसं होतं? पोथी एक, वाचणारा एक, ऐकणारे अनेक आणि रोज ठरलेला भाग. कादंबरीचंही असंच करता येतं. शाळा सुटायच्या आधी रोज दहा पानं मोठ्याने वाचायची. याला साधारण वीस मिनिटं लागतात. शंभर पानांची कादंबरी दहा दिवसांत अख्ख्या वर्गाची वाचून होते. ज्याला वाचता येत नाही तोही गोष्टीत मागे पडत नाही. बोली वेगळी असली तरी कानावर पडली की कळते. शिवाय उत्कंठेच्या जागी थांबलं की पुढचं पान आजच बघायला मिळावं म्हणून मुलं पुस्तक मागतात. त्यांच्या हातात पुस्तक द्यायची वेळ तीच.

तुम्ही पोस्ट टाकताय? मग एवढं लिहा

"मस्ट रीड! मुलांना नक्की द्या!" अशा पोस्टला लाइक मिळतात, पण त्यावरून कुणाला पुस्तक घेता येत नाही. उपयोगी शिफारशीत सात गोष्टी असतात:

१. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक

२. प्रकाशक आणि किंमत

३. पानं किती, टाइप मोठा की बारीक, चित्रं आहेत का

४. साधारण कुठल्या इयत्तेपासून

५. शेवट न फोडता गोष्ट एका वाक्यात

६. कुणाला आवडेल आणि कुणाला आवडणार नाही

७. मृत्यू, मारहाण, शिव्या असं काही असेल तर त्याची कल्पना

त्यातही सहावा मुद्दा महत्त्वाचा. 'सगळ्यांना आवडेल' असं पुस्तक नसतं. 'ज्याला क्रिकेट सोडून काही सुचत नाही त्याला देऊ नका' हे वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतं.

आणि मुलांचं मत मुलांच्या शब्दांत टाका. आठवीतल्या मुलीने ३० सेकंदांत सांगितलेलं 'भूतबंगल्याचं पुस्तक भारी आहे, पण सुरुवात जरा हळू आहे' हे दुसऱ्या आठवीतल्या मुलीला जास्त पटतं. फक्त रेकॉर्ड करताना मुलांचं पूर्ण नाव, शाळा, गाव टाकू नका आणि पालकांना विचारल्याशिवाय चेहरा दाखवू नका. आवाज आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ पुरेसं आहे.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. शाळाशाळांत त्या दिवशी पुस्तकांचे फोटो निघतात. बीड जिल्ह्यात साधारण त्याच सुमारास टोळ्या निघायची तयारी सुरू झालेली असते. यंदा फोटो काढून झाला की त्यातलं एक पुस्तक कपाटात परत न ठेवता, गाव सोडून निघालेल्या मुलाच्या पिशवीत जाऊ द्या.